मापाचे बूट

रत्ना डहाके माझी मैत्रीण आहे, म्हणून मी तिच्याबद्दल सगळं चांगलंच लिहीन असं कुणी समजू नये. बाई हट्टी आहे. फोनवर "हॅलो" म्हणायच्या आधी मुद्द्यावर येते आणि दुसऱ्याच्या भाजीला नावं ठेवताना आवाज खाली आणत नाही. मूळची नागपूरची, धरमपेठेतली. फ्रीमाँटमध्ये तिचं आणि आमचं टाउनहाउस एका भिंतीने जोडलेलं आहे, त्यामुळे गेली चौदा वर्षं तिच्या मिक्सरचा आवाज मला माझ्या मिक्सरइतकाच ओळखीचा आहे. वय बावन्न, उंची पाच फूट एक इंच, नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या, त्याच्या तोंडावर सांगायच्या आणि वर पगार घ्यायचा. तिचा स्वभाव बघता तिला दुसरी कुठली नोकरी झेपलीही नसती.

मी दीपा. ठाण्याची. बर्फ मला उसाच्या रसात बरा वाटतो, पायाखाली नाही. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात माझं काम गाडी चालवणं, लॉजमध्ये बसून गरम चॉकलेट पिणं आणि एक घोडचूक करणं, एवढंच आहे. त्या चुकीकडे येतेच.

दर हिवाळ्यात आम्ही चार-पाच कुटुंबं टाहोच्या बर्फाळ डोंगरांत जायचो. पुरुष आणि मुलं स्कीइंग करायची. आम्ही बायका उताराच्या पायथ्याशी लॉजमध्ये टेबल अडवून जॅकेटं, थर्मास, पराठ्यांचे डबे आणि मुलांचे एकेकटे हातमोजे सांभाळत बसायचो. तीन वर्षांपूर्वी, रत्नाची मुलगी सावनी शिकायला ॲन आर्बरला गेली त्या हिवाळ्यात, अशाच एका शनिवारी कुणीतरी तिच्या मांडीवर सातवं जॅकेट टाकलं. रत्नाने ते उचललं, खाली जमिनीवर ठेवलं आणि उभी राहिली.

"मी काय क्लोकरूम आहे?" ती म्हणाली, आणि सरळ जाऊन शिकाऊ वर्गात नाव घालून आली. वर्गात बाकीची सगळी सहा-सात वर्षांची पोरं होती. दिवसभर ती त्यांच्या रांगेत, सगळ्यात मागे, पडत-उठत खाली येत होती. संध्याकाळी परत आली तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला एक उर्मट आनंद होता.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. तिचा नवरा मोरेश्वर गरीब माणूस आहे, कुणाला दुखवत नाही, तो फक्त एवढंच म्हणाला, "रत्ना, गुडघे एकदाच मिळतात गं." सावनी फोनवर म्हणाली, "आई, व्हाय कान्ट यू जस्ट डू झुंबा लाइक नॉर्मल मॉम्स?" मंडळातल्या एका काकूंनी तर "या वयात" हे दोन शब्द इतक्या वेळा म्हटले की रत्नाने शेवटी त्यांना विचारलं, "काकू, कोणत्या वयात जमलं असतं ते सांगा, म्हणजे मी त्या वयात जाऊन येते." काकूंनी तेव्हापासून तिला हळदीकुंकवाचं बोलावणं करणं सोडलं आहे. रत्नाला त्याचं फारसं दुःख झालेलं दिसत नाही.

दोन हिवाळे ती शिकली. दर दुसऱ्या शनिवारी पहाटे निघायचं, चार तास गाडी, दिवसभर बर्फ, चार तास गाडी. सोबतीला मी, कारण एकटीने एवढं ड्राइव्ह करू नये हे मोरेश्वरचं म्हणणं मला पटलं होतं. आणि एवढं करून ती पडायची. सारखी पडायची. सोप्या उतारावर ठीक असायचं, पण जरा उभा उतार आला, जरा बर्फ खडबडीत झाला की वळताना पाय एकीकडे आणि स्की दुसरीकडे. तिच्यासोबत शिकलेली पोरं आता उलटी सुद्धा जात होती.

आता उल्हासची ओळख करून द्यायला हवी. आमच्या भागात 'सिएरा भटके' नावाचा मराठी लोकांचा ग्रुप आहे आणि उल्हास त्याचा सर्वेसर्वा. पुण्याचा, एका कंपनीत डायरेक्टर, आणि जगातल्या कुठल्याही वस्तूची तुलना करणारी एक्सेल शीट त्याच्याकडे तयार असते. माणूस वाईट नाही. मदतीला धावून येतो. फक्त आपण मागायच्या आधीच येतो आणि आपल्याला काय हवं तेही तोच ठरवून आणतो.

हा ग्रुप दर मार्चमध्ये डॉनर पास या खिंडीच्या बाजूला एका लाकडी हटवर दोन दिवस जातो. तिथे वर नेणारी पाळण्यांची लिफ्ट नाही, आखलेले उतार नाहीत, गस्त घालणारं कुणी नाही. स्की पायाला लावूनच डोंगर चढायचा आणि पलीकडच्या अंगाने कोऱ्या बर्फातून हटपर्यंत उतरायचं. याला बॅककंट्री म्हणतात. रत्नाला तिथे जायचं होतं. दोन वर्षं ती दुसरं काही बोलत नव्हती. लिफ्टच्या रांगेत उभं राहून विकत घेतलेला डोंगर नको, स्वतः चढलेला हवा, असं ती म्हणायची.

नोव्हेंबरमध्ये उल्हासने ग्रुपवर शीट टाकली. प्रत्येकाच्या नावापुढे त्याने कोणती स्की, कोणते बूट, बूट स्कीला पकडून ठेवणारं कोणतं बाइंडिंग घ्यावं ते लिहिलेलं होतं. रत्नाच्या ओळीत होतं: 'लेडीज, सॉफ्ट, रिसॉर्ट ओन्ली.' आणि शेवटच्या रकान्यात, जिथे प्रत्येकाचा रोल लिहिला होता, तिथे होतं: 'हट सपोर्ट.'

तिने तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. मी शेजारी बसून मटार सोलत होते.

"उल्हास, हे हट सपोर्ट म्हणजे काय?"

"अगं, म्हणजे तू स्नोशूज घालून खालच्या सपाट रस्त्याने ये. सेफ आहे एकदम. आम्ही डोंगरावरून उतरेपर्यंत तू खिचडी टाकून ठेव. तुझ्या हातची खिचडी म्हणजे यार, त्यासाठी तर लोक येतात."

"मला डोंगरावरून यायचंय."

"रत्ना, डोन्ट टेक इट पर्सनली. तू सारखी पडतेस. तिथे एक जण पडला तर सगळे अडकतात. इट्स नॉट ॲन ओपिनियन, इट्स डेटा."

"कुठे आहे डेटा? तू मोजून राहिला आहेस का मी किती वेळा पडते ते?"

"अगं, सगळ्यांना दिसतंय. सॉरी टू से, पण हा यूजर एरर आहे."

मला वाटलं, आता फोन फुटणार. कारण टेस्टिंग करणाऱ्या माणसाला 'यूजर एरर' म्हणणं म्हणजे सुगरणीला 'मीठ घालायला विसरलीस का' विचारण्यासारखं आहे. पंचवीस वर्षं ती हा शब्द ऐकत आली होती. जे जे इंजिनीअर आपली चूक कबूल करत नसत ते सगळे हाच शब्द वापरत, आणि तीनदा-चारदा तपासून ती त्यांना खोटं पाडत असे. पण ती ओरडली नाही. "बरं," म्हणाली. "मग डेटा मीच काढते. फेब्रुवारीपर्यंत माझी ओळ लॉक करू नको."

पुढचे सहा शनिवार तिने पडण्याची वही ठेवली. तारीख, उतार, बर्फ कसा होता, डावीकडे वळताना की उजवीकडे, पडायच्या आधीच्या क्षणी काय झालं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तेच ठेवायचं. एकदा भाड्याच्या दुसऱ्या स्की घेतल्या, एकदा काठ्या बदलल्या, एकदा वेगळी शिक्षिका घेतली. पडणं काही बदललं नाही. त्रेचाळीस नोंदी झाल्या आणि जवळजवळ सगळ्यांत शेवटचं वाक्य एकच होतं: 'पाय वळवला, स्की उशिरा वळली.'

उल्हासला ती हे कळवत होती, कारण डेटा लपवून ठेवणं तिच्या स्वभावात नाही. त्याने ग्रुपवर एकच ओळ टाकली, 'नाचता येईना, अंगण वाकडं', आणि पुढे हसणारे चेहरे. अकरा जणांनी अंगठे दाखवले. त्यात एक अंगठा माझाही होता. म्हण चपखल बसली म्हणून मी हसले, आणि नंतर मला स्वतःची लाज वाटली.

त्याच्या पुढच्या शनिवारी लॉजमध्ये रत्ना माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "टिकल्या आहेत का तुझ्या पर्समध्ये?"

होत्या. तिने बूट घट्ट आवळले, मग एक टिकली बुटाच्या वरच्या काठावर लावली आणि दुसरी बरोब्बर तिच्या समोर मोज्यावर. गुडघा पुढे वाकवला. मोज्यावरची टिकली वर सरकली. अर्धा इंच नाही, चांगली इंचभर. सरळ झाली, टिकली खाली आली. परत वाकली, परत वर गेली. शेजारच्या टेबलावरचे लोक आमच्याकडे बघायला लागले होते.

"माझी टाच आत उचलली जाते," रत्ना म्हणाली. "मी पाय वळवते, पाय बुटातच वळतो. बुटाला पत्ताच नाही. मग स्की कशी वळणार बापा? दीपा, हा यूजर एरर नाही."

त्याच दुपारी आम्ही ट्रकी नावाच्या गावातल्या एका बुटांच्या दुकानात गेलो. पायाला बूट बसवून देणारी बाई साठीची असावी, दोन पांढऱ्या वेण्या, गळ्यात चष्मा. तिने रत्नाचे पाय मोजले. मग रत्नाच्या बुटातला मऊ आतला भाग उपसून बाहेर काढला आणि नुसत्या कवचात तिला उभं केलं. पायाची बोटं पुढे टेकवायला सांगितली आणि टाचेमागे आपली बोटं घालून पाहिली. दोन बोटं गेली. तिसरं गेलं. चौथंही गेलं. बाईने चष्मा काढला आणि सांगितलं की तुझा पाय साडेबावीस सेंटीमीटर आहे आणि हे बूट साडेचोवीस. शिवाय तू आत लोकरीचे दोन मोजे घातले आहेस, म्हणजे पाय उशीवर उभा आहे. या बुटात मी सुद्धा पडले असते.

"हू सोल्ड यू धिस साइझ?" तिने विचारलं.

रत्नाने खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, "नोबडी. माय मदर."

बाईला काही कळलं नाही. मला कळलं. कारण ते बूट विकत घेताना मी बरोबर होते. दुकानदाराने आधी बरोबर मापाचेच आणून दिले होते. रत्नाने ते घातले, बोटं पुढे टेकली, आणि आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, "छे, हे घट्ट आहेत." मीच पुढे म्हणाले, "दोन साइझ मोठे घे. आत मोजे घालता येतील. वाढत्या अंगाचे बरे." दुकानदार काहीतरी सांगत होता, पण आपण ठरवलेलं असलं की दुकानदाराचं कोण ऐकतं.

वाढत्या अंगाचे! आमच्या दोघींच्या आयांनी आम्हाला असेच वाढवलं. शाळेचे काळे बूट जूनमध्ये घ्यायचे ते दोन मापं मोठे. पुढे कापूस कोंबायचा, आणि पाय त्यात भरेपर्यंत बुटांचे तळ गेलेले असायचे. फ्रॉक वाढत्या अंगाचा, स्वेटर वाढत्या अंगाचा, ब्लाउजच्या शिवणीत दोन-दोन इंच कापड आत दुमडलेलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. घरात चार पोरं असली की दुसरं काय करणार. पण बावन्न वर्षांच्या बाईचे पाय आता कुठे वाढणार होते? ती शिकवण आमच्या हाडांत इतकी गेली होती की आठ हजार फूट उंचीवरच्या उतारावर सुद्धा आम्ही एक बाई दोन मापं मोठ्या बुटांत सोडली होती आणि ती पडली की तिलाच हसत होतो.

"सॉरी रत्ना," मी म्हणाले.

"तू सॉरी कायले म्हणतेस? मी पण म्हटलं होतं ना." मग ती बाईकडे वळली. "आता माझ्या मापाचे दाखवा."

त्या बाईने एकच प्रश्न विचारला, जो उल्हासच्या शीटमध्ये कुठेही नव्हता. दहा दिवस बर्फावर गेलीस तर त्यातले किती दिवस लिफ्टने वर जाणार आणि किती दिवस स्वतःच्या पायांनी?

"पाच-पाच," रत्ना म्हणाली. विचार करायला तिला एक सेकंदही लागला नाही.

मग दोन तास ते चाललं. मला जेवढं समजलं ते असं. लिफ्टच्या उतारांवर दिवसभर शेकडो लोकांनी बर्फ तुडवून ढेकळं केलेली असतात. तिथे हलकी स्की उडते, म्हणून जड आणि भक्कम बरी. डोंगर चढायचा तर प्रत्येक पावलाला ती स्की आपणच उचलायची असते, तिथे जड स्की दुपारपर्यंत जीव काढते. चढताना टाच मोकळी लागते आणि उतरताना पक्की बंद लागते, म्हणून बाइंडिंग दोन्ही करणारं हवं. बुटाला मागे एक कळ असते. ती उघडली की घोटा वाकतो आणि चालता येतं, बंद केली की बूट दगडासारखा होतो. स्कीच्या तळाला चढायच्या वेळी खरखरीत पट्टी चिकटवायची. ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. उतरताना सोलून खिशात. दोन्हीकडे उत्तम असं काही मिळत नाही. दोन्हीकडे चालेल असं मिळतं, आणि मग कुठे किती सोसायचं ते आपण ठरवायचं.

बाईने एक मऊ, हलका जोड पुढे केला आणि म्हणाली की तुझ्या उंचीच्या बायका बहुधा हा घेतात. रत्नाने तो हातात घेऊन वाकवला आणि परत दिला. "मी मऊ माणूस नाही," ती मराठीतच म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून बाईने न विचारताच दुसरा, कडक जोड काढला. स्की तिने मधल्या वजनाची घेतली, नाकापर्यंत येईल एवढ्या लांबीची. पण बाईने शेवटी सांगितलं की स्की उसनी चालते, बूट उसने चालत नाहीत. चूक करायचीच तर स्कीत कर.

बुटाचा आतला भाग गरम करून पायावर बसवला तेव्हा रत्नाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुखतंय का, मी विचारलं. ती म्हणाली, "दुखतंय. पण दीपा, मला वाटतं आजपर्यंत मला काहीच फिट बसलेलं नव्हतं." मला रडू येत होतं आणि दुकानात रडणं मला आवडत नाही.

त्या रात्री आम्ही तिथेच राहिलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजच्या गच्चीवरून मी तिला बघत होते. त्याच उतारावर, जिथे ती आठ वेळा पडली होती, ती आली, वळली, पुन्हा वळली. खाली पोचल्यावर तिने काठ्या हवेत उंच केल्या आणि एवढ्या मोठ्याने ओरडली की लिफ्टच्या रांगेतल्या लोकांनी माना वळवल्या. "दीपाऽऽ, वळते गंऽऽ!" त्या संध्याकाळी तिने ग्रुपवर जुन्या आणि नव्या बुटांचे तळ शेजारी-शेजारी ठेवलेला फोटो टाकला. खाली लिहिलं: 'अंगण मोजलं. खरंच वाकडं निघालं. दोन मापांनी.' या वेळी अंगठा दाखवणारी मी पहिली होते.

उल्हासने मान्य करायला हवं होतं. पण त्याने अट घातली: फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी, लिफ्ट सुरू व्हायच्या आधी, रिसॉर्टचा उतार खालून वर दोन तासांत चढून दाखव आणि एकापेक्षा जास्त वेळा न पडता उतर. मी चिडले. ग्रुपमधल्या कुणा पुरुषाची त्याने कधी परीक्षा घेतली होती? रत्ना म्हणाली, "घेऊ दे. परीक्षा देणं मला येतं. त्याला निकाल मानता येतो का ते बघू." आणि दरम्यान, कुणाला न सांगता, तीन दिवसांची सुट्टी काढून ती हिमकडे कसे कोसळतात आणि गाडलेल्या माणसाला कसं शोधून काढायचं याचा कोर्स करून आली. मोरेश्वरला ऑफिसचं ट्रेनिंग म्हणून सांगितलं होतं. त्याला कळलं तेव्हा तो दोन दिवस गप्प होता, आणि तिसऱ्या दिवशी त्याने तिच्या स्कीच्या पट्ट्या वाळत घालायला गॅरेजमध्ये दोरी बांधून दिली.

रविवारी ती एक तास बावन्न मिनिटांत वर पोचली. उतरताना कुठेही पडली नाही. पडली ती अगदी शेवटी, सपाटीवर, माझ्याकडे हात हलवण्याच्या नादात, लॉजसमोर, पन्नास लोकांच्या देखत. उल्हास घड्याळ धरून उभा होता.

"एक," रत्ना बर्फात बसूनच म्हणाली. "एक चालेल म्हणाला होतास."

"हो, पण रत्ना, बॅककंट्री इज डिफरंट. हिमकडे असतात, तिथे नुसतं स्कीइंग येऊन भागत नाही..."

"माझा कोर्स झालाय. तुझा कधी झालाय?"

बाजूला हिमानी उभी होती, ग्रुपमधली सगळ्यात लहान, सव्वीस वर्षांची, बर्कलीला पीएचडी करते. ती म्हणाली, "उल्हास काका, तुमचं सर्टिफिकेट टू थाउजंड सिक्स्टीनचं आहे. तुम्हीच शीटमध्ये लिहिलंय." शीट खोटं बोलत नाही असं तोच म्हणायचा. त्याने रत्नाची ओळ बदलली.

मार्चमधल्या शनिवारी सकाळी सात वाजता मी तिला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माझ्या डोक्याहून उंच बर्फाच्या भिंती, आणि आकाश अगदी धुतलेलं. आठ जण जाणार होते. या वेळी सपाट रस्त्याने कुणीच येणार नव्हतं. सगळे पट्ट्या चिकटवत होते, बर्फात गाडलेल्याला शोधायची एकमेकांची यंत्रं तपासत होते. रत्नाने बुटाची कळ उघडली, दोन पावलं टाकून पाहिली आणि माझ्याकडे बघून हसली.

तेवढ्यात उल्हासने आपल्या गाडीतून एक मोठी पिशवी काढून तिच्यासमोर ठेवली.

"रत्ना, हे तुझ्याकडे. किचन. नाहीतरी तिथे सगळं तूच करणार ना, म्हणजे शोधाशोध नको."

मी ती पिशवी उचलून पाहिली. नऊ-दहा किलो तरी असेल. बाकीच्यांच्या पाठीवर आपापलं सामान, आणि तिच्या पाठीवर आपलं सामान अधिक आठ जणांचं स्वयंपाकघर. माझ्या डोक्यात तिडीक गेली. घेतली तर ती चढावर मागे पडणार आणि संध्याकाळी सगळे म्हणणार, बघा, सांगितलं होतं. नाही घेतली तर म्हणणार, एवढ्याशा गोष्टीवरून तमाशा करते. उल्हासच्या मनात असं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्याला ते सुचलंच नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला. बाकीचे सहा जण आपापल्या बुटांच्या कळांशी खेळत होते. कुणी वर बघेना.

रत्ना पिशवीकडे पाहत राहिली. मग गुडघ्यावर बसली आणि तिची चेन उघडली.

"हिमानी, ये बाळा. तांदूळ तुझ्याकडे." दोन किलोची पिशवी तिने हिमानीच्या हातात दिली. "यतीन, मुगाची डाळ. अमित, बटाटे आणि कांदे, हे बघ, खाली ठेव म्हणजे पाठीला टोचणार नाहीत. तूप कोण घेतं? तुपाला कुणी नाही म्हणत नाही." एकेकाला नावाने हाक मारून ती देत गेली, शांतपणे, पंगतीत वाढावं तसं. मसाल्याचा डबा आणि मीठ तिने स्वतःच्या पाठीवरच्या सॅकमध्ये टाकलं.

"अगं, पण असं विखुरलं तर..." उल्हास म्हणाला.

"खाणारे आठ. उचलणारे आठ."

पिशवीत आता एकच वस्तू उरली होती. पाच लिटरचा प्रेशर कुकर, झाकण उलटं ठेवून दोरीने बांधलेला. रत्नाने तो दोन्ही हातांनी उचलला आणि उल्हाससमोर धरला.

"हा तुझा. आज भात तू लावणार आहेस. एवढ्या उंचीवर दोन शिट्ट्या जास्त लागतात. मोजता येतात ना?"

कुणी हसलं नाही. उल्हासने रत्नाकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे पाहिलं. सगळे आपापल्या सॅका बंद करत होते. त्याने कुकर घेतला. तो त्याच्या सॅकमध्ये मावेना. त्याने एक स्वेटर बाहेर काढला, मग कॅमेऱ्याची बॅग काढली, मग खाली बसून सगळी सॅक उपसली आणि काढलेलं सामान मला गाडीत ठेवायला दिलं. सॅकचा पट्टा लावून तो उभा राहिला तोपर्यंत रत्ना चढाच्या पहिल्या वळणावर पोचली होती आणि बाकीचे सहा तिच्या मागे ओळीने चालले होते. उल्हास आठवा होता.